लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं बसून का राहायचं?

लेहच्या विमानतळावर उतरलं की पहिल्या तासात काहीच होत नाही, आणि सगळा घोळ त्यामुळेच होतो. लख्ख ऊन असतं, आकाश गडद निळं, समोर बर्फाचे डोंगर. धाप लागत नाही, डोकं दुखत नाही. मग वाटतं, लोकांनी उगाच घाबरवलं.

माझ्या काकांना अगदी असंच वाटलं. वय बासष्ट, रोज पहाटे पर्वती चढणारा माणूस, महिन्यातून दोनदा सिंहगड पायी करणारा. दोन्ही बॅगा त्यांनी स्वतः उचलल्या. जेवण झाल्यावर "झोपायला का आलोय इतक्या लांब?" म्हणत शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आले. रात्री नऊच्या सुमारास कपाळ दाबत पलंगाच्या कडेला बसले. जेवण नको म्हणाले. मग उलटी झाली. काकू म्हणाल्या, "पित्त खवळलंय. पहाटेचं विमान, रिकाम्या पोटी चहा, होणारच की." पित्ताची गोळी दिली, आलेपाक दिला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

ते पित्त नव्हतं. आपल्या घरांत डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली की पित्त हे निदान ठरलेलंच असतं, आणि लेहमध्ये नेमका हाच शब्द घात करतो. तासाभराने घरमालकीणबाई आल्या, त्यांनी काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ७८ दाखवत होता. त्यांनी काही न विचारता गाडी काढली. दवाखान्यात काही तास ऑक्सिजन मिळाला, विश्रांती मिळाली आणि काका सावरले. त्या रात्री नेमकं काय झालं होतं, ते नीट समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. कोणी लडाखला निघालं की मी ते पुन्हा पुन्हा सांगत बसते. आज लिहूनच काढते.

हवा तीच, फक्त सैल

"उंचावर ऑक्सिजन कमी असतो" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. मुंबईच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे २१ टक्के, लेहच्या हवेत २१ टक्के, एव्हरेस्टच्या माथ्यावरही तेवढंच. वर जाताना कमी होतो तो हवेचा दाब.

फडताळात एकावर एक रचलेल्या गोधड्या आठवा. सगळ्यात खालची गोधडी वरच्यांच्या वजनाने चेपून घट्ट झालेली असते. सगळ्यात वरची फुगून सैल पडलेली असते. हवेचं तसंच आहे. तिलाही वजन असतं आणि वरचे थर खालच्या थरांना दाबत असतात. किनाऱ्यावर राहणारी माणसं तळाच्या गोधडीत राहतात. लेह आहे सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेहचा बाजार त्याच्याही वर राहतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो. छाती तेवढीच भरते, पण त्या श्वासातून हाती लागणारा ऑक्सिजन एक तृतीयांशाने कमी. खारदुंग ला खिंडीत तो निम्म्यावर येतो. (तिथल्या जुन्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असे. प्रत्यक्ष मोजणीत खिंड १७,५८२ फूट भरते. शरीराला तेवढीही पुष्कळ झाली.)

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पिशवीत हात घाला. आम्ही पुण्याहून नेलेलं बाकरवडीचं पाकीट लेहमध्ये उशीसारखं टम्म फुगलं होतं. आतली हवा पुण्याच्या दाबाची, बाहेरची लेहच्या दाबाची. खिंडीत पिऊन घट्ट झाकण लावलेली पाण्याची बाटली परत दिल्लीला उतरल्यावर चेपलेली सापडते, तेही याचमुळे.

मूत्रपिंडांना वेळ लागतो

मानेच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी, तांदळाच्या दाण्याएवढे दोन अवयव असतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की ते मेंदूला कळवतात आणि श्वासाचा वेग वाढतो. विमानातून उतरल्या उतरल्या हे सुरू झालेलं असतं, आपल्याला जाणवत नाही एवढंच.

इथे एक पेच पडतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइडही नेहमीपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. हा वायू रक्तात आम्ल तयार करतो. तो घटला की रक्त अल्कलीकडे झुकतं. आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र एरवी लक्ष ठेवतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर. तो कमी झालेला दिसला की ते केंद्र म्हणतं, श्वास फार होतोय, आवर. म्हणजे मान सांगते "जोरात घे", मेंदू सांगतो "हळू घे", आणि या ओढाताणीत शरीराला हवा तेवढा ऑक्सिजन मिळतच नाही.

तोडगा काढतात ती मूत्रपिंडं. ती रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार, लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. रक्त पुन्हा ताळ्यावर येतं, मेंदूचा ब्रेक सुटतो आणि श्वास मोकळेपणाने वाढतो. पण हे काम घाईने होत नाही, त्याला दोन-तीन दिवस लागतात. पहिले दोन दिवस नुसतं बसून राहायचं ते यासाठी. आपल्याला वाटतं आपण वेळ वाया घालवतोय, आणि आत मूत्रपिंडं मान मोडून काम करत असतात. या काळात वारंवार लघवीला जावं लागलं तर ते चांगलं लक्षण समजा.

व्यायामाची सवय इथे उपयोगी पडत नाही, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. पर्वती चढून हृदय आणि पाय तयार होतात, मूत्रपिंडांचा वेग वाढत नाही. उलट तब्येतीने ठणठणीत माणसं पहिल्याच दिवशी धावपळ करतात आणि जास्त अडकतात. मागच्या वर्षी त्रास झाला नव्हता म्हणून या वर्षी होणार नाही, असंही नाही.

रात्रीची एक गंमतशीर पण घाबरवणारी गोष्ट आधीच सांगून ठेवते. झोपेत ही ओढाताण उघडी पडते. माणूस भराभर श्वास घेतो, मग श्वास मंदावतो, काही सेकंद चक्क थांबतो, आणि एकदम मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या रात्री काकूंनी मला हलवून उठवलं होतं, "अगं, यांचा श्वास बंद पडतोय." नव्या माणसांत हे सर्रास होतं आणि एवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र याच वेळी श्वास आणखी दाबतात. म्हणून त्या दोन्ही गोष्टी टाळायच्या.

पित्त, सर्दी आणि दारू

काकांना झाला तो उंचीचा साधा त्रास. डोकेदुखी हे मुख्य लक्षण. सोबत मळमळ, भूक मरणं, थकवा, चक्कर. उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत तो सुरू होतो. त्यावरचा उपाय विश्रांती, पाणी आणि त्याहून वर न जाणं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत निवळतं. माझा नियम सोपा आहे: लेहमध्ये पहिल्या तीन दिवसांत डोकं दुखलं तर तो उंचीचाच त्रास धरायचा, दुसरं काही असल्याचं सिद्ध होईपर्यंत.

जिवावर बेतणारे प्रकार दोन, आणि त्यांनाही आपण चुकीची नावं देतो. पहिल्यात फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तिथला दाब वाढतो आणि पातळ द्रव पाझरून हवेच्या पिशव्यांत साचतो. सुरुवात कोरड्या खोकल्याने होते, म्हणून घरचे म्हणतात सर्दी झाली. हा आजार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डोकं वर काढतो, तेव्हा आपण रुळलो असं वाटत असतं. ओळखायची खूण अशी की माणसाला नुसतं बसल्या जागी धाप लागते. दुसऱ्या प्रकारात मेंदूला सूज येते. माणूस अडखळत चालतो, बरळतो, सुस्त होतो, आणि लोकांना वाटतं प्यायलाय. अशा वेळी त्याला एका सरळ रेषेत, टाचेला पंजा लावत चालायला सांगा. तोल जात असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

दोन्हींवर खरा उपाय एकच, खाली उतरणं. ऑक्सिजन आणि औषधं त्या उतरण्याला मदत करतात, त्याची जागा घेत नाहीत. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नये.

डायमॉक्स या नावाने लोक ओळखतात ती अॅसिटाझोलामाइडची गोळी काय करते, हे आता सहज समजेल. ती मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लवकर बाहेर टाकायला लावते, म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम लवकर उरकते. ती त्रास झाकत नाही, शरीराचंच काम लवकर पुढे नेते. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा वॉटर बेचव लागतं, त्याने दचकू नये. पण सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती घातक ठरू शकते. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायची. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर तिकीट काढण्याआधीच बोलावं.

हे ज्ञान आपल्याकडे फार मोठी किंमत देऊन आलं आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरच्या जवानांना घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावं लागलं आणि शत्रूची गोळी न लागताही अनेकजण आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १,९२५ जवानांमधल्या या आजाराचा अभ्यास १९६९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. जगभर त्याचा आधार घेतला गेला. आज आपलं लष्कर लेहच्या उंचीवर पोचलेल्या तरुण, धडधाकट जवानाला रुळण्यासाठी सहा दिवस देतं, आणि त्याहून वर जाताना पुढच्या प्रत्येक टप्प्याला आणखी चार. आपल्या सहलींत मात्र साठीच्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग लाला नेतात. मला याचा मनापासून राग येतो.

कुठून जायचं, कुठे झोपायचं

महत्त्वाची असते ती रात्री झोपायची उंची. दिवसा खिंड ओलांडून पलीकडे उतरलात तर शरीर सहसा सांभाळून घेतं. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणाच्या वैद्यकाचा सर्वमान्य नियम आहे.

या मापाने बघितलं की वाटांचा स्वभाव कळतो. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, मग सोनमर्ग, झोजी ला ओलांडून द्रास, पुढे कारगिल २,७०० च्या आसपास आणि मग लेह. ही चढण पायरी-पायरीने येते. मनालीची वाट जास्त देखणी आणि जास्त कठोर. मनाली दोन हजार मीटरवर आणि पुष्कळ जण पहिल्याच रात्री सारचूला झोपतात, ते ४,३०० च्या आसपास. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर! तिथे रात्री तंबूत डोकं धरून बसलेली माणसं दिसतात ती यामुळे. त्या वाटेने जायचंच तर जिस्पाला, ३,२०० वर, दोन रात्री काढाव्यात. विमान सगळ्यात वेगवान, म्हणून तिथे विश्रांती सगळ्यात सक्तीची.

लेहला दोन पूर्ण दिवस झाले की मी नुब्रा खोऱ्यात जायला सांगते. वाटेत खारदुंग ला लागते खरी, पण तिथे चहा पिऊन, फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत उतरायचं. पलीकडचं दिस्कीत, हुंदर लेहपेक्षाही खाली आहे, झोप छान लागते. पँगाँग सरोवर मात्र ४,२०० च्या वर. तिथला मुक्काम पाचव्या दिवसाआधी नको, आणि म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर लेहहून जाऊन त्याच दिवशी परत यावं. डिसेंबर २०२४ मध्ये त्या सरोवराकाठी, १४,३०० फुटांवर, लष्कराने शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. त्यामुळे आता मराठी माणसांची पावलं तिकडे जास्त वळणार. दर्शनाला जाताना घाई नको, एवढंच म्हणते.

आणि ही थंडी येते कुठून?

माझ्या भाचीने विचारलं होतं, "वर गेलं की सूर्य जवळ येतो ना, मग गार का?" सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे, त्यातले साडेतीन किलोमीटर कमी झाले काय आणि न झाले काय. हवा तापते ती मुख्यतः जमिनीकडून. तापलेली हवा वर जाते, वर दाब कमी म्हणून पसरते, आणि पसरणारी हवा थंड होते. टायरची हवा सोडताना ती बोटाला गार लागते तसं. हिशोब ढोबळ आहे: दर हजार मीटरला साडेसहा अंश. लेहच्या उंचीला जवळपास तेवीस अंश तिथेच गेले.

शिवाय लडाख कोरडं आहे. महाबळेश्वरात पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातलं माण तहानलेलं राहतं, कारण सह्याद्री ढग अडवतो. हिमालयाने लडाखचं तेच केलं आहे. लेहला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाऊस-बर्फ पडतो. हवेत बाष्प नाही, म्हणजे रात्री जमिनीवर पांघरूण नाही. दिवसभराची ऊब सरळ आकाशात निघून जाते. (हीच विरळ, कोरडी, स्वच्छ हवा दुर्बिणीला मात्र हवी असते. लडाखमधल्याच हानलेला ४,५०० मीटरवर दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे आणि शास्त्रज्ञ ती बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात.)

पण थंडी फक्त उंचीची नसते. थंड हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहत सखल जागी साचते. म्हणून महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाकाठची, आणि थंडीत निफाडचा पारा महाबळेश्वरच्याही खाली उतरतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. द्रास लेहपेक्षा थोडं खालीच आहे, तरी लेहहून गार. झोजी लातून आत शिरणारं बाष्प तिथे बर्फ होऊन पडतं, तो बर्फ दिवसा ऊन परतवतो आणि रात्री दरीच्या वाटीत गारठा साठत जातो.

जानेवारीत लेहची रात्र उणे पंधराच्या आसपास जाते, पँगाँगला त्याहून बरीच खाली. अशा वेळी एक जाड कोट घालून भागत नाही. अंगाला घाम शोषून न ठेवणारा थर, त्यावर लोकर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवा, घामाने ओले झाले की ते गारठा धरून ठेवतात. बोटं बधिर आणि मेणासारखी पांढरी पडली तर चोळू नका, शेकोटीवर धरू नका. आडोशाला जाऊन कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टर गाठा. गॉगल हौसेचा नाही. बर्फावरून परतणारं ऊन काही तासांत डोळे भाजतं.

सगळ्यात जास्त भीती मला बंद खोलीतल्या शेगडीची वाटते. लडाखी घरांत पत्र्याची बुखारी असते, तिचा धुराडा छपराबाहेर जातो. पण कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर खोलीत ठेवून, फटी बुजवून झोपलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही. आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी आणि मळमळ! झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर, बोटभर खिडकी उघडी, आणि अंगावर आणखी एक रजई.

रोजच्या जगण्यात ही थंडी कुठे कुठे शिरते ते मी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात पाहिलं. या स्वयंपाकघराला चान्सा म्हणतात, हिवाळ्यात सगळं कुटुंब तिथेच बुखारीभोवती जगतं. नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणी आधीच बंद केलेलं, पिंपातल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय. पाणी तिथे ८८ अंशांना उकळतं, म्हणून डाळ कुकरशिवाय शिजत नाही. डिझेलसुद्धा गोठायचं, २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल तिथे आलं तेव्हा गाड्यांखाली जाळ करण्याची पाळी कमी झाली.

त्यांचा मुलगा चंदीगढला शिकतो. उंचीवर जन्मलेला, तिथेच वाढलेला. पण काही आठवडे सपाटीवर राहून परतणाऱ्या डोंगरी माणसालाही फुप्फुसात पाणी होण्याचा धोका असतो, हे त्या बाईंना कोणी शिकवावं लागलेलं नाही. तो सुट्टीत घरी आला की पहिले दोन दिवस त्याला क्रिकेट खेळायला जाऊ देत नाहीत. चान्सात बुखारीशेजारी बसवतात, समोर थुक्पाची वाटी ठेवतात आणि मित्र बोलवायला आले तर दारातूनच परत पाठवतात.